फ्रान्सचा २०१६ चा गहू आणि २५ किलोमीटरचा चौकोन

२०१६ च्या जुलैत फ्रान्सच्या उत्तर भागात गव्हाची कापणी सुरू झाली आणि कंबाईनच्या (कापणी-मळणीच्या यंत्राच्या) टाकीत जे दाणे पडायला लागले ते बघून शेतकऱ्यांपासून सरकारी आकडेवारीवाल्यांपर्यंत सगळेच हबकले. दाणा बारीक, हलका, आणि मुळात कमीच. आदल्या वर्षी मऊ गव्हाचा देशभरातला उतारा हेक्टरी ७.९ टनांच्या आसपास होता, तो एका हंगामात ५.४ टनांच्या आसपास आला, एकूण उत्पादन साधारण ४.१ कोटी टनांवरून २.८ कोटी टनांवर. काही जिल्ह्यांत (तिथे देपार्तमाँ म्हणतात, मी सरळ जिल्हाच म्हणतो) उतारा ५५ टक्क्यांपर्यंत घसरला. पन्नासपेक्षा जास्त वर्षांत एवढी मोठी पडझड झाली नव्हती, आणि हे युरोपियन युनियनमधल्या सगळ्यात मोठ्या गहू उत्पादक देशात.

पण या प्रकरणात मला सगळ्यात अस्वस्थ करतं ते हे की अंदाज काढणाऱ्या यंत्रणांना हे आधी दिसलंच नाही. मे संपला, जून आला, शेतात पाणी साचलेलं, तरी अंदाजाचे आकडे सरासरीच्या आसपास रेंगाळत होते, मोठी घसरण आकड्यांत आली तेव्हा कापणी तोंडावर आली होती किंवा चालू झाली होती. आणि डेटा नव्हता असं अजिबात नाही. हवामान केंद्रांचं दाट जाळं, मातीचे नकाशे, सॅटेलाईट, अनेक दशकांची उताऱ्याची आकडेवारी, तावून सुलाखून निघालेलं क्रॉप मॉडेल (हवामान-मातीवरून पिकाच्या वाढीचा हिशोब करणारा संगणकी प्रोग्राम), सगळं हाताशी. मग चुकलं कुठे? याचं पटकन दिलं जाणारं उत्तर म्हणजे "ग्रिड (हिशोबासाठी नकाशावर पाडलेल्या चौकोनांची जाळी) खूप ढोबळ होता, अजून बारीक हवा होता". मला हे उत्तर अर्धंच खरं वाटतं, आणि उरलेलं अर्धं का नाही ते या लेखात मांडतोय.

अंदाज निघतो कसा

युरोपियन कमिशनची मार्स नावाची यंत्रणा आहे, १९८८ ला सुरू झालेली, इटलीतल्या इस्प्रा इथल्या संशोधन केंद्रातून चालते आणि हंगामात दर महिन्याला बुलेटिन काढते. तिच्या पोटात नेदरलँड्सच्या वाखेनिंगेनमध्ये घडलेलं वोफोस्ट हे मॉडेल आहे. हे मॉडेल मुळात एका बिंदूचं. म्हणजे एक जागा, एक माती, एक वाण, एक पेरणीची तारीख. त्याला रोजचं ऊन, तापमान, पाऊस द्यायचा, मग पानांचा पसारा किती, त्यावर पडलेल्या उजेडातून अन्न किती तयार झालं, श्वसनात किती खर्च झालं, उरलेलं मुळं-खोड-पानं-दाणे यांच्यात कसं वाटलं गेलं, असा एकेक दिवसाचा हिशोब ते पुढे नेत जातं. पाणी कमी पडलं तर वाढ थोपवतं.

पण देश काही बिंदू नसतो. म्हणून नकाशावर २५ बाय २५ किलोमीटरचे चौकोन पाडतात, केंद्रांवरचं हवामान त्या चौकोनांवर पसरवतात, चौकोनात जेवढ्या प्रकारच्या माती असतील तेवढ्या वेळा मॉडेल चालवतात, मग पिकाखालच्या क्षेत्राच्या प्रमाणात ते आकडे एकत्र करून जिल्हा, प्रांत, देश असे वर वर नेतात. सगळ्यात वर गेल्यावर आलेला आकडा तसाच छापत नाहीत, मागच्या वर्षांचे सरकारी उतारे आणि त्या त्या वर्षांचे मॉडेलचे आकडे यांचं नातं आकडेशास्त्राने बसवतात आणि त्यातून या वर्षीचा अंदाज काढतात, विश्लेषक त्यावर स्वतःचं डोकं लावतो तो भाग वेगळा.

एक चौकोन म्हणजे ६२,५०० हेक्टर. त्यात हलकी माती असते, भारी असते, उतार असतो, ओढ्याकाठचे खोलगट तुकडे असतात, लवकर पेरलेला गहू असतो, उशिरा पेरलेला असतो. मॉडेल यातलं बरंच काही बघत नाही, तरीही वर्षानुवर्षं देशपातळीचा अंदाज बऱ्यापैकी जमत आलाय. हे कसं, हे नीट समजून घेतलं की २०१६ चं कोडं निम्मं सुटतं. एका चौकोनात मॉडेल जास्त सांगतं, शेजारच्यात कमी, आणि या चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या असतील तर बेरीज करताना त्या एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणजे वरच्या स्केलला मिळणारी अचूकता ही खालच्या प्रत्येक चौकोनाच्या अचूकतेतून येत नाही, ती चुकांच्या वजाबाकीतून येते. जिल्ह्याचा आकडा चौकोनापेक्षा बरा, देशाचा जिल्ह्यापेक्षा बरा, असं जे दिसतं ते यामुळे. याला एकच अट आहे, चुका वेगवेगळ्या दिशांना असायला हव्यात. २०१६ ला नेमकी हीच अट मोडली.

त्या हंगामात काय घडलं

सुरुवात डिसेंबर २०१५ पासून करावी लागते. तो डिसेंबर फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा जवळपास ४ अंशांनी उबदार गेला. हिवाळी गव्हाला फुलोऱ्यासाठी थंडी लागते, साधारण ० ते १० अंशांमधले दिवस, ते कमी मिळाले, शिवाय उबेमुळे मावा आणि बुरशी दोघांनाही हिवाळा सोपा गेला. पण वरवर बघता पीक दाट होतं, हिरवंगार होतं, आणि मॉडेलच्या भाषेत तर हे छानच लक्षण, पानांचा पसारा मोठा म्हणजे उजेड जास्त पकडणार.

मग मे महिन्याचा शेवट आणि जूनची सुरुवात. पाऊस थांबेना. पॅरिसमध्ये सीन नदी ६ मीटरच्या वर चढली, लूव्र संग्रहालय बंद करून खालच्या मजल्यांवरच्या वस्तू वर हलवाव्या लागल्या. शहराची ही बातमी जगभर गेली, पण त्याच दिवसांत आजूबाजूच्या शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात गहू निसवून फुलोऱ्यात होता, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात आली. वर सलग ढग, खाली पाणी साचून चिबडलेली जमीन, आणि मध्ये ओली ओंबी.

नंतर २०२३ मध्ये नोइया ज्युनियर आणि सहकाऱ्यांनी आठ संशोधन केंद्रांवरच्या शेतप्रयोगांची आकडेवारी घेऊन नुकसानीची वाटणी केली. त्यांच्या हिशोबाने ३१ टक्के नुकसान फुलोऱ्यातल्या कमी उजेडामुळे, १९ टक्के फुलांनाच इजा झाल्यामुळे, २६ टक्के मुळांना हवा न मिळाल्यामुळे, ११ टक्के पानांवरच्या बुरशीजन्य रोगांमुळे आणि १० टक्के ओंबीवरच्या करप्यामुळे. दाण्यांची संख्या अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत कमी आणि दाण्याचं वजन ३० टक्क्यांपर्यंत कमी.

हे दोन आकडे जरा गुणून बघा. समजा एकाच शेतात दोन्ही गोष्टी पूर्ण प्रमाणात झाल्या, तर दाणे राहिले ०.६ पट, प्रत्येक दाण्याचं वजन ०.७ पट, गुणाकार ०.४२. म्हणजे ५८ टक्के घट. सगळ्यात वाईट जिल्ह्यांतली ५५ टक्क्यांची घट याच्या अगदी जवळ जाते. मला यातून असं दिसतं की तिथे कुठलं एकच भयंकर संकट आलं नव्हतं, दोन मध्यम संकटं एकामागून एक आली आणि त्यांची बेरीज न होता गुणाकार झाला. नेहमीच्या वर्षी दाणे कमी बसले तर उरलेले दाणे जरा जास्त भरतात, पीक स्वतःला सावरून घेतं. इथे सावरायच्या वेळीच मुळं पाण्यात होती.

कुठलं कारण कुठल्या स्केलवर राहतं

आता एकेक कारण घेऊन विचारूया की ते २५ किलोमीटरच्या चौकोनात दिसायला हवं होतं का.

कमी उजेड आधी घेऊ, कारण नुकसानीतला सगळ्यात मोठा वाटा त्याचा. ढगांचा असा थर शेकडो किलोमीटर पसरलेला असतो, २५ काय ५० किलोमीटरच्या चौकोनातही तो व्यवस्थित पकडला जातो. रोजच्या उजेडाचा आकडा मॉडेलला मिळत होताच. मग? अडचण अशी की वोफोस्टसारख्या मॉडेलमध्ये दाण्यांची संख्या ही गोष्टच नाही. ते तयार झालेलं अन्न वाढीच्या अवस्थेनुसार ठरलेल्या प्रमाणात दाण्यांकडे पाठवतं, पण किती दाणे आहेत हे मोजत नाही. त्यामुळे फुलोऱ्याच्या आसपास दोन आठवडे अंधारलेले गेले काय आणि इतर वेळी गेले काय, त्याच्या लेखी तेवढ्या दिवसांचं अन्न कमी झालं इतकंच. खऱ्या झाडात तसं नसतं. फुलोऱ्याच्या आधीचे तीनेक आठवडे आणि नंतरचा आठवडाभर या काळात ओंबीला अन्न कमी पडलं की फुलंच गळतात, दाणे बसायच्या जागाच कमी होतात, आणि नंतर कितीही लख्ख ऊन पडलं तरी त्या जागा परत येत नाहीत. उजेड आणि तापमान यांच्या गुणोत्तरावरून दाण्यांची संख्या काढायची पद्धत टोनी फिशर यांनी १९८५ मध्येच मांडली होती, म्हणजे ज्ञान होतं, ते वरच्या स्केलला नेताना सामानात घेतलं गेलं नाही.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. एका शेताचं मॉडेल देशपातळीवर नेताना आपण ते हलकं करतो, नेहमी काय महत्त्वाचं असतं ते ठेवतो आणि क्वचित लागणारं काढून टाकतो. नेहमी महत्त्वाचं काय, तर तापमान आणि दुष्काळ. जास्त पाणी, कमी उजेड, फुलाची इजा या गोष्टी मागे राहतात. मग ज्या वर्षी नेमक्या त्याच गोष्टी घडतात त्या वर्षी प्रत्येक चौकोन एकाच दिशेने चुकतो, कारण गाळलेली प्रक्रिया सगळीकडे सारखीच गाळलेली असते आणि ढगही सगळीकडे सारखेच असतात. वजाबाकीला विरुद्ध चिन्हाची चूकच उरत नाही.

चिबडण्याची गोष्ट मात्र वेगळी, तिथे स्केल खरोखर आडवा येतो. देशपातळीवरच्या वापरात बहुतेक वेळा असं धरतात की मातीत मावेल त्याच्यापेक्षा जास्त झालेलं पाणी खाली निघून जातं. चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत ते बरोबरच आहे, पण भारी मातीत, खोलगट तुकड्यात, नांगराच्या तळाखाली घट्ट थर असेल तिथे पाणी उभं राहतं, वाफसा येतच नाही, मुळं गुदमरतात, नत्र घेणं थांबतं. हे सगळं एका शेताच्या आतसुद्धा पन्नास पावलांवर बदलतं. याची सरासरी काढली की काय होतं ते एका काल्पनिक उदाहरणाने बघू. समजा एका चौकोनाच्या अर्ध्या भागात तीन दिवसांत ८० मिलिमीटर पाऊस पडला आणि अर्ध्यात २०, आणि ६० च्या वर गेलं तरच मुळांना त्रास होतो. चौकोनाची सरासरी ५० मिलिमीटर. मॉडेल सांगणार, त्रास शून्य. प्रत्यक्षात अर्धं क्षेत्र अडचणीत आहे. मातीचंही तसंच, अर्धी जमीन निचऱ्याची आणि अर्धी चिबड असेल तर दोन्हींची सरासरी काढून जी माती तयार होते तशी जमीन त्या चौकोनात कुठेच नसते. उंबरठा ओलांडल्यावरच सुरू होणाऱ्या कुठल्याही प्रक्रियेचं असंच होतं. आधी सरासरी काढून मग मॉडेल चालवलं तर एक उत्तर येतं आणि आधी मॉडेल चालवून मग सरासरी काढली तर दुसरं, आणि वाईट वर्षांत ही दोन उत्तरं सगळ्यात जास्त लांब असतात.

ओंबीच्या करप्याचं गणित वेळेचं आहे. फुलोऱ्याचे मोजके दिवस आणि त्याच दिवसांत पाऊस, हे जुळलं तर रोग, नाही जुळलं तर नाही. चौकोनात सगळ्या शेतांना एकच पेरणीची तारीख आणि एकच वाण दिलं की सगळा चौकोन एकाच दिवशी फुलतो, खरी शेतं आठ-दहा दिवस मागेपुढे फुलतात, म्हणजे काही वाचतात, काही पूर्ण सापडतात. पानांवरच्या रोगांबद्दल फार लांबण लावत नाही, फवारणी, वाण आणि ओल्या शेतात ट्रॅक्टर घालता येतो का यावर ते ठरतं आणि हवामानाच्या चौकोनाला यातलं काहीच माहीत नसतं.

ग्रिड बारीक असता तर

बारीक डेटा तेव्हाही होता. फ्रान्सच्या हवामान खात्याचा साफ्रान नावाचा ८ किलोमीटरचा हवामान ग्रिड होता. सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला सॅटेलाईट जून २०१५ मध्येच वर गेला होता, १० मीटरचा तपशील देणारा. पण तो दृश्य उजेडावर चालतो, वर ढग असले की खालचं शेत दिसत नाही, आणि नेमकं ढगांचंच वर्ष. शिवाय ढगांतून फट मिळून चित्र आलं तरी त्यात दिसतं पान, दाणा नाही. पाण्याची कमतरता नसलेला गहू वरून हिरवागार दिसतो, ओंबी आतून निम्मी रिकामी असली तरी. त्यामुळे नुसता हिरवेपणा बघून काढलेला अंदाज त्या वर्षी फसणारच होता.

स्केल बदलल्याने नेमकं काय बदलतं यावर जर्मनीच्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात चांगलं काम झालंय, २०१६ मध्येच प्रसिद्ध झालेलं. तिथे हिवाळी गहू आणि चाऱ्याचा मका घेऊन अनेक मॉडेलं १, १०, २५, ५० आणि १०० किलोमीटरच्या माती-हवामान डेटावर चालवून बघितली. संपूर्ण राज्याची सरासरी फारशी हलत नाही, पण आतला नकाशा पुसट होत जातो, जागोजागची चूक वाढते, आणि हवामान ढोबळ करण्यापेक्षा माती ढोबळ केली की जास्त फटका बसतो. फ्रान्सच्या प्रकरणाला हे लावून बघितलं तर माझा निष्कर्ष असा: बारीक ग्रिडने चिबडलेल्या जमिनीचा हिस्सा बऱ्याच अंशी पकडता आला असता, अर्थात मॉडेलमध्ये मुळं गुदमरण्याचा भाग चालू असता तर (फ्रेंच संशोधकांच्या स्टिक्स मॉडेलमध्ये तो आहे). उजेड आणि फुलाची इजा हा निम्मा हिस्सा मात्र १ किलोमीटरच्या ग्रिडवरही निसटलाच असता.

याच्या उलट टोकाचं उदाहरण २०१८ मध्ये आलं. तमारा बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी झाडाच्या आतलं काहीही न घेता, नुसत्या जिल्हापातळीच्या उताऱ्यांवर एक साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (एखादी गोष्ट घडायची शक्यता काढणारी आकडेशास्त्राची पद्धत) बसवलं. त्यात शरद ऋतूचा शेवट किती उबदार होता आणि पुढचा वसंत किती ओला, या दोन्ही ऋतूंचे आकडे घेतले. १९५९ पासूनची मोठी नुकसानीची वर्षं या मॉडेलने पकडली, २०१६ सकट. जिल्हा म्हणजे आपल्या चौकोनापेक्षा कितीतरी मोठा, तरी ढोबळ मॉडेलला ते दिसलं, कारण त्याने "उतारा किती" हा प्रश्न सोडून "मोठी पडझड व्हायची शक्यता किती" हा प्रश्न घेतला आणि दोन ऋतू एकत्र बघितले. हे काम घटना घडून गेल्यावरचं आहे हे विसरायचं नाही, २०१६ माहीत असताना निवडलेले घटक पुढच्या अनोळखी वर्षी तसेच चालतील याची हमी नाही. आणि ते कारण सांगत नाही, शेतात काय करावं हे त्यातून कळत नाही. ते कळतं आठ केंद्रांच्या शेतप्रयोगांतून, पण आठ ठिकाणांवरून देश कळत नाही.

म्हणजे एका बाजूला देशभर पसरलेलं पण झाडाच्या आत न बघणारं मॉडेल आणि दुसऱ्या बाजूला ओंबीतले दाणे मोजणारी मोजकी शेतं, आणि मधला स्केल, जिथे क्रॉप मॉडेलने काम करायला हवं, तिथेच पोकळी. ती भरायला माझ्या हातात असतं तर मी ग्रिड बारीक करण्यावर पहिला पैसा घातला नसता. आधी मॉडेलमध्ये दाण्यांची संख्या आणि दाण्याचं वजन वेगवेगळं ठेवलं असतं, फुलोऱ्याच्या खिडकीतल्या उजेडाशी संख्या जोडली असती. मग प्रत्येक चौकोनातून सरासरी ताण मागण्याऐवजी किती टक्के क्षेत्र उंबरठ्याच्या वर गेलं हे मागितलं असतं, त्यासाठी चौकोनात तीन-चार पेरणीच्या तारखा आणि निचऱ्याचे दोन-तीन वर्ग पुरतात, १ किलोमीटर गाठावंच लागत नाही. आणि वर जाताना प्रत्येक टप्प्यावर चौकोनांच्या चुका एकमेकींशी किती जुळतायत ते तपासलं असतं, कारण त्या जुळायला लागल्या की देशपातळीच्या आकड्याभोवतीची अनिश्चितता रुंद करून छापायला हवी, नुसता एक आकडा नाही.

हे तपासायला डेटा लागेल तो मात्र उताऱ्याचा असून भागणार नाही. ५.४ टन या एका आकड्यात उत्तरेचं उद्ध्वस्त पीक आणि दक्षिणेकडचं बऱ्यापैकी सावरलेलं पीक एकत्र मिसळलेलं आहे, आणि कमी दाणे की हलके दाणे हेही त्यातून वेगळं काढता येत नाही. वाणांच्या चाचण्यांत दर चौरस मीटरला दाणे आणि हजार दाण्यांचं वजन नियमित मोजतात, वर्षानुवर्षांच्या त्या नोंदी चौकोनांच्या नकाशावर बसवणं हे कंटाळवाणं, वेळखाऊ काम आहे, पण मॉडेलने फुलोरा बरोबर हाताळला की चुकून बरोबर उताऱ्यावर पोचलं हे त्याशिवाय कळत नाही.